वाढदिवसाचा पेपर

दीपक बोरस्तेला मुलीच्या प्रगतिपुस्तकात नंबर सापडला नाही, तेव्हा त्याला आधी वाटलं, शिवताना एखादं पान गळालं असेल. प्रगतिपुस्तक जाडजूड होतं, गुळगुळीत कागदाचं, आणि वर पृथ्वीचा गोल हातात धरलेल्या मुलांचं चित्र होतं. त्यानं ते पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. विषय होते, विषयांपुढे परिच्छेद होते, परिच्छेदांखाली सह्या होत्या. आकडे फक्त पानांना होते.

"अगं, ह्याच्यात टोटल कुठंय?" त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

त्याची बायको उज्वला पाटबंधारे खात्यात क्लार्क होती. समजू नयेत म्हणून लिहिलेले कागद वाचायची तिला सवय होती, त्यामुळे घरात आलेलं अवघड इंग्रजी तिच्याकडेच जायचं. हात पुसत ती बाहेर आली, शेवटचं पान वाचलं आणि मराठीत सांगितलं, "संध्या ही जिज्ञासू, खुल्या मनाची आणि धोका पत्करणारी विद्यार्थिनी आहे."

"धोका? कसला धोका?"

"ते लिहिलेलं नाही."

"आणि नंबर?"

"तोही लिहिलेला नाही."

संध्या जमिनीवर बसून चिवडा खात होती. बारा वर्षांची, सातवीत. "पप्पा, आमच्यात नंबर नसतो," ती म्हणाली. आमच्यात कांदा-लसूण चालत नाही, हे एखाद्यानं पाहुण्याला सांगावं, त्या सुरात.

ही २००५ सालच्या दिवाळीची गोष्ट.

दीपकचा सातपूरच्या एमआयडीसीत छोटा कारखाना होता. तिथं मोटारींच्या कंपन्यांसाठी पोलादी बुश, म्हणजे आसाभोवती बसवायचे छोटे गोल भाग, तयार व्हायचे. प्रत्येक बुश मोजला जायचा. मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. तिसरा प्रकार नव्हता. 'खुल्या मनाचा बुश' असा शेरा मारून त्यानं माल पाठवला असता, तर पुण्याच्या कंपनीनं ट्रक तसाच माघारी धाडला असता.

शिवाय तो स्वतः नंबरवर वाढलेला माणूस होता. निफाडच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत तो दरवर्षी दुसरा आला. पहिली दरवर्षी चंद्रभागा नावाची एक मुलगी आली. ती पुढे लग्न होऊन परगावी गेली, पण दीपकचा नंबर काही त्यामुळे सुधारला नाही. गावात त्याला 'दुसऱ्या' म्हणायचे. लग्नाच्या बोलणीच्या वेळी उज्वलाच्या वडिलांचा समज झाला होता की हा धाकटा मुलगा. तो थोरला होता.

मुलीला त्या शाळेत घातलं, त्याला कारण एक परदेशी माणूस. तो कारखान्याची तपासणी करायला आला होता. त्यानं जे जे विचारलं, त्याचं उत्तर दीपकला येत होतं. फक्त इंग्रजीत येत नव्हतं. सगळी उत्तरं सुपरवायझरनं दिली आणि परदेशी माणसानं जाताना सुपरवायझरशी हात मिळवला. त्याच वर्षी त्र्यंबक रस्त्याला नवी शाळा निघाली. तिच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' असं लिहिलं होतं. दीपकच्या कारखान्याला मिळालेल्या गुणवत्तेच्या सर्टिफिकेटवरही तोच शब्द होता. दोन्हींचा अर्थ एकच असणार, असं धरून त्यानं प्रवेश घेतला.

शाळेच्या फाटकावर वीस-बावीस देशांचे झेंडे होते आणि वर्गात एक जर्मन मुलगा होता. त्याचं नाव फेलिक्स. त्याचे वडील अंबडच्या एका कंपनीत मशिनरी बसवायला आले होते. शाळेच्या प्रत्येक जाहिरातीत फेलिक्स असायचा. कधी पुस्तक घेऊन, कधी झाडाला पाणी घालताना. मराठी तो शाळेच्या बसमध्ये शिकला होता, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. ती मुलांनी स्वतः चालवायची, अशी तिथली पद्धत. संध्यानं आईवडिलांना दारात गाठलं, "या, बसा" म्हणून खुर्च्या दाखवल्या, पाणी विचारलं आणि हात मांडीवर ठेवून समोर बसली. दीपकला क्षणभर वाटलं, आपण मुलगी बघायला आलोय.

शारोन साळवे मिस बाजूला बसल्या होत्या. त्या वर्गशिक्षिका; पण तिथं शिक्षिका म्हणायचं नव्हतं, मार्गदर्शक म्हणायचं होतं.

"ह्या सहामाहीत आम्ही नद्यांवरून होणारी भांडणं शिकलो," संध्यानं सांगितलं. "जगातल्या चार नद्या घेतल्या. मी गोदावरीच्या गटात होते. मी मराठवाडा होते."

"आणि नाशिक?" उज्वलानं विचारलं.

"नाशिक फेलिक्स होता."

"मग काय झालं?"

"आम्ही तीन दिवस चर्चा केली. मग फेलिक्सनं पाणी सोडलं."

"असं होत नाही," उज्वला म्हणाली. ती ऑफिसच्या अनुभवावरून बोलत होती.

दीपक मिसकडे वळला. "मॅडम, सगळं छान आहे. फक्त नंबर कितवा, तेवढं सांगा."

"सर, आम्ही मुलांची एकमेकांशी तुलना करत नाही," मिस म्हणाल्या. "आम्ही कालच्या संध्याशी आजच्या संध्याची तुलना करतो."

दीपकनं विचार केला. "मग कालच्या संध्याचा कितवा होता?"

मिस हसल्या. अशा वेळी हसायचं, असं त्यांना प्रशिक्षणात सांगितलेलं असावं.

बाहेर गाड्या लावल्या होत्या, तिथं पालकांचे घोळके उभे होते. एक डॉक्टर बाई दीपकजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला काही कळलं का हो?" त्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक त्यांना ज्या सुरात विचारत असतील, तोच सूर. तेवढ्यात एक बिल्डर आला, मग एक वकील आला. सगळ्यांना तेच हवं होतं आणि ते कुणालाच मिळालं नव्हतं. शिकलेली, चांगल्या घरची माणसं. पण आपलं पोर कितवं आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्यांना नीट झोप लागत नव्हती.

गाडी सुरू करताना दीपक म्हणाला, "जानेवारीत संध्याचा वाढदिवस आहे ना?"

"आहे. का?"

"सगळा वर्ग बोलवू. जेवायला घालू. आणि एक क्विझ ठेवू."

उज्वलानं त्याच्याकडे पाहिलं. तिला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. "क्विझ म्हणजे?"

"शंभर मार्कांची."

पेपर कुणी काढायचा, हा प्रश्नच नव्हता. पुढच्या सुट्टीला दीपक निफाडला गेला आणि आपल्या शाळेतल्या सावळीराम निकम गुरुजींच्या पाया पडला. गुरुजी पंचाहत्तरीला आले होते. एके काळी त्यांच्या पेपरला निम्मा तालुका घाबरायचा. आता घाबरायला घरात सूनच काय ती उरली होती, आणि ती घाबरत नव्हती. दीपकचं सगळं ऐकून घेऊन गुरुजींनी विचारलं, "नंबर नाय? मग पोरं शाळेत जातात कशाला?"

"तेच मला कळंना गुरुजी."

"पेपर लय सोपा नाय निघणार. आधी सांगतो."

गुरुजींनी आठ दिवसांत पेपर काढला. मराठीतला पेपर उज्वलानं इंग्रजीत केला. 'वाढदिवस आहे हो तिचा' असं ती दोनदा म्हणाली. पण भाषांतर तिनं मन लावून केलं आणि इतिहासातला एक प्रश्न जरा सोपा करावा, असंही सुचवलं. संध्या इतिहासात कच्ची होती. गुरुजींनी ते मान्य केलं नाही.

वाढदिवसाच्या दिवशी अशोकनगरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर मांडव घातला होता. थंडीचं ऊन छान पडलं होतं. एरवी पालक मुलांना फाटकाशी सोडून निघून जातात. त्या दिवशी एकही गेला नाही. क्विझची बातमी फुटली होती. डॉक्टर बाईंनी दवाखाना बंद ठेवला होता. बिल्डर मोबाईल बंद करून बसला होता. खालच्या अंगणात सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून मिसळ खात होते आणि वरच्या जिन्याकडे बघत होते.

गुरुजी धुवट धोतर आणि काळा कोट घालून आले होते. आधी पेपर, मग केक, असा त्यांनी निर्णय दिला. "पोट भरलं की डोकं झोपतं." मुलांना सतरंज्यांवर हात-हात अंतर सोडून बसवलं. देवघरातली घंटा मागवून घेतली आणि ती वाजवली.

वर्गात एकोणीस मुलं होती आणि एकोणीसही आली होती. पेपर हातात पडल्यावर संध्यानं एकदा कागदाकडे आणि एकदा वडिलांकडे पाहिलं. तिला क्विझ म्हणजे बक्षिसं, टाळ्या आणि बझर असं काहीतरी वाटलं होतं.

पहिल्याच मिनिटाला एका मुलीनं हात वर केला. "गुरुजी, पानिपतच्या पराभवाची पाच कारणं लिहा म्हटलंय. पाचच का?"

"पाचच आहेत म्हणून."

"सहावं सापडलं तर?"

"तर खोडायचं."

शेवटच्या सतरंजीवर लखन देवरे बसला होता. उंच, शांत मुलगा. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं पेन सतरंजीवर नीट ठेवलं, "पोटात दुखतंय" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दोन मिनिटांत त्याची आई वर आली. सरिता देवरे. नवऱ्याचा मालेगावला सुताचा व्यापार होता. ती मुलाला घेऊन नाशकात भाड्यानं राहात होती. सभेला यायची, मागे बसायची आणि फारसं बोलायची नाही.

"बोरस्ते भाऊ, ही क्विझ आहे?"

"हो. म्हणजे, साधारण."

"नंबर काढणार आहात?"

"सगळ्यांचेच काढणार आहे वहिनी," दीपक म्हणाला. "भेदभाव नाही."

सरितानं पदर खोचला. ती हळूच बोलत होती, पण गच्चीवर बाकी कुणी बोलत नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं.

"आधीच्या शाळेत मास्तर दर परीक्षेनंतर फळ्यावर नावं लिहायचे. वरून खाली. माझ्या लखनपर्यंत येईतो फळा संपायचा. मग बाजूला चौकट काढून त्यात त्याचं एकट्याचं नाव लिहायचे. वाचताना अक्षरं हलतात त्याला. डॉक्टरनं सांगितलंय, डोकं चांगलं आहे, अक्षरं हलतात. ह्या शाळेत नंबर नाही असं कळलं म्हणून आम्ही मालेगावातून बिऱ्हाड हलवलं. झेंडे-बिंडे आम्हाला काय करायचेत?"

"तसं नाही वहिनी, मला फक्त आमच्या संध्याचा—"

"तुमच्या पोरीचा वरचा नंबर काढायचा तर कुणाचा तरी खालचा निघतोच ना भाऊ?" आणि मग तिच्या तोंडून घरची अहिराणी आली. "हाऊ मना पोऱ्या शे. फळा नही शे."

ती खाली गेली. फाटक वाजलं, स्कूटर सुरू झाली. अंगणात माना उंचावून बघणारे पालक पुन्हा मिसळीकडे वळले.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "वेळ चालू आहे," ते म्हणाले.

संध्या उठली. ती रडत नव्हती. आपला पेपर घेऊन ती मधल्या सतरंजीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "या सगळे." डबा खायला जमावीत तशी सगळी मुलं सरकत सरकत तिच्याभोवती गोळा झाली.

"कॉपी!" गुरुजी ओरडले.

त्यांच्या आवाजानं खाली कुणाचा तरी चमचा पडला. मुलांवर मात्र काही परिणाम झाला नाही. गुरुजींनी आयुष्यात बाहीतली कॉपी पकडली होती, मोज्यातली पकडली होती, एकदा तर भाकरीच्या घडीतली पकडली होती. पण गोल करून, मोठ्यानं, परीक्षकाच्या देखत होणारी कॉपी कशी पकडायची, ते त्यांना माहीत नव्हतं.

"गुरुजी, कॉपी नाही," फेलिक्स म्हणाला. "कॉपी कुणाची करणार? आम्ही एकच पेपर लिहितोय. लय सोपं पडतं."

"असं चालत नाय."

"आमच्यात असंच चालतं," संध्या म्हणाली.

गुरुजींनी दीपककडे पाहिलं. दीपक जिन्याच्या तोंडाशी उभा होता. थांबवा म्हणावं की चालू द्या म्हणावं, त्याला ठरवता येईना. त्याचं लक्ष अजून खालच्या फाटकाकडे होतं.

मुलांचं भांडण मात्र जोरात सुरू झालं. गोदावरीच्या उपनद्यांवरून झालं, मग अपूर्णांकांवरून झालं. पानिपतची पाच कारणं लिहून झाल्यावर एकानं सहावं काढलं आणि ते पाचव्याहून बरं आहे असा हट्ट धरला. मत घेतलं तर निम्मी मुलं इकडे, निम्मी तिकडे. शेवटी त्या पहिल्या मुलीनं मान वर केली. "गुरुजी, तुम्हाला कोणतं पटतं?"

"पेपर चालू असताना परीक्षकाला बोलता येत नाय," गुरुजी म्हणाले. त्यांनी घंटा बाजूला सरकवली. मग बोलले. पानिपतावर काय काय व्हायला नको होतं, ते त्यांनी इतकं सविस्तर सांगितलं की उज्वलाला वर येऊन केकची आठवण करावी लागली. इतकी वर्षं ते कारणं विचारत आले होते. त्यांना स्वतःला कोणतं पटतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

गुरुजींच्या हातात एकच पेपर आला. वर एकोणीस नावं होती आणि पहिलं नाव लखनचं होतं.

"हा मुलगा गैरहजर आहे," गुरुजींनी बोट ठेवलं.

"तो गटात आहे," संध्या म्हणाली.

गुरुजींनी नाव तसंच ठेवलं. खाली येऊन खुर्चीवर बसून त्यांनी लाल पेननं पेपर तपासला. सहावं कारण खोडलं. अपूर्णांकाचे दोन मार्क कापले. भोवती पालकांचं कडं जमलं होतं.

"एकाहत्तर," गुरुजी म्हणाले.

"कुणाला?" वकिलानं विचारलं.

"सगळ्यांना."

"म्हणजे पहिला कोण?"

"सगळेच."

"आणि शेवटचा?"

"तेही सगळेच."

मग डॉक्टर बाई म्हणाल्या, "एकोणिसांनी भागलं तर?"

"तर प्रत्येकाला पावणेचार पडतात," गुरुजी म्हणाले. "मग मला सगळ्यांना नापास करावं लागेल. करू का?"

कुणी करा म्हणालं नाही. केक कापला गेला. संध्यानं फुंकर घातली, सगळ्यांना तुकडे दिले, वडिलांनाही दिला. पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. पालकांनी आपापली मुलं गोळा केली आणि तासाभरात अंगण रिकामं झालं.

गुरुजींना सोडायला दीपक निफाडला निघाला. आडगाव मागे पडलं.

"पोरं बरी आहेत," गुरुजी म्हणाले. "शिस्त नाय. पण बरी आहेत."

"गुरुजी, आमच्या वर्गात शेवटचा कोण होता?"

"पहिली चंद्रभागा. दुसरा तू. तिसरा शिंद्यांचा गेणू. तुझ्या पुढच्या वर्षी पहिला—"

"शेवटचा, गुरुजी."

गुरुजी आठवू लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. चांदोरी आली आणि गेली.

"असंल कुणीतरी," ते अखेर म्हणाले. "शेवटचा असतोच."

दीपकनंही आठवून पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी बसायचं. खाकी दप्तर होतं, त्याचा बंद तुटलेला होता आणि तो सुतळीनं बांधलेला होता. दप्तर त्याला स्पष्ट दिसलं. दप्तर घेणारा मुलगा काही केल्या दिसेना.

तो घरी परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. संध्या गच्चीवर सतरंज्यांच्या घड्या घालत होती. त्यानं दुसरं टोक धरलं. तिनं धरू दिलं.

"तुम्हाला नंबर पाहिजे होता ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग मला विचारायचं. आम्हाला सगळ्यांचं माहीत असतं."

"म्हणजे?"

"गणितात फेलिक्स पहिला. मी सातवी, कधी आठवी. भाषांमध्ये चौथी. इतिहासात खूप खाली. सगळं धरून सहावी."

दीपक टोक धरून उभा राहिला. "सहावी," तो म्हणाला. दिवाळीपासून त्याला हा आकडा हवा होता. आता मिळाला होता. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून त्यानं जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. सहावी वाईट नव्हती, फार चांगलीही नव्हती, आणि समोर उभी असलेली मुलगी कालच्याएवढीच उंच होती.

"आणि लखन?"

"शेवटचा. त्यालाही माहितीये," संध्या म्हणाली. "पण शाळेत त्याला कुणी येऊन सांगत नाही. आज तुम्ही सांगितलंत."

घडी घालून झाली. ती सतरंजी उचलून खाली गेली.

सोमवारी शाळेतून फोन आला. दीपक माफी पाठ करून गेला. शारोन मिसनी दार लोटलं.

"सर, असं करायचं नाही. आमच्या धोरणात हे बसत नाही."

"चुकलं मॅडम."

"मुलांवर ताण येतो."

"आला. दिसला मला."

मिसनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग आवाज खाली आणून विचारलं, "एकाहत्तर पडले म्हणे?"

"हो."

"निकम गुरुजींच्या पेपरला?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी मूळची शरणपूरची, पण वडील काही वर्षं निफाडला नोकरीला होते. मी सातवी तिथं केली. गुरुजींनी मला पंचावन्न दिले होते." त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. "एकाहत्तर चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेर कुणाला सांगू नका."

त्याच संध्याकाळी दीपक नवा केक घेऊन संध्याबरोबर लखनच्या घरी गेला. सिडकोत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. सरितानं दार उघडलं, बाजूला झाली आणि पाणी आणून ठेवलं. बसा म्हणाली नाही, म्हणून दीपक उभाच राहिला. लखन टीव्हीवर क्रिकेट बघत होता.

"लखन," दीपक म्हणाला, "परवा माझं चुकलं."

लखननं आईकडे पाहिलं. मोठ्या माणसानं असं म्हटलं की काय करायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं. आईलाही कधी अनुभव आलेला नसावा.

"बरं," लखन म्हणाला. मग जरा वेळानं, "पेपर अवघड होता का काका?"

"मलाही सगळा आला नसता," दीपक म्हणाला. ते खरं होतं. काल कारखान्यात बसून त्यानं तो सोडवून पाहिला होता. "पण तुला एकाहत्तर पडले."

"मी तर नव्हतोच."

"तुझं नाव पहिलं होतं," संध्या म्हणाली. "मी लिहिलं."

लखनला हे खरं वाटत नव्हतं. त्यानं दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. "कशात कापले एकोणतीस?"

"अपूर्णांक, उपनद्या, बरंच काही. आणि पानिपतचं सहावं कारण खोडलं. गुरुजी म्हणाले पाचच असतात."

"सहावं कुठलं होतं?"

संध्या टीव्हीसमोर जमिनीवर बसली आणि त्याला सांगू लागली. तिनं मध्येच एक गोष्ट चुकीची सांगितली आणि लखननं ती दुरुस्त केली, कारण तो धडा मिसनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि ऐकलेलं त्याच्या लक्षात राहायचं. मग दोघांचं त्यावरून भांडण झालं. टीव्हीवर कुणीतरी बाद झालं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सरितानं केकचं खोकं उघडून पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. दीपक अजून दाराजवळच होता.

"उभे का भाऊ?" ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."